शंभरातले किती

मित्रांनो, ज्याच्यावर वर्षातून एकदाच खडू टेकतो असा फळा तुम्ही पाहिला नसेल. तो मी. आता माझ्या चौकटीची एक बाजू निखळली आहे आणि मला भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवलं आहे. तक्रार नाही. फळ्याला ठेवतील तिथे राहता येतं.

माझा जन्म एका खोक्यातून झाला. पत्र्याचे डबे बनवणाऱ्या एका कारखान्यात पहिलं यंत्र आलं, ते लाकडी खोक्यात बंद होऊन. यंत्र बाहेर काढल्यावर मालक खोक्याकडेच बघत राहिले. त्यांना काही टाकवत नसे. त्यांनी सुताराला बोलावून त्या फळ्या रंधून घेतल्या, त्यावर काळा रंग दिला आणि मला यंत्रांच्या खोलीत दाराशेजारी टांगलं.

मी कशासाठी, ते आधी सांगतो. वर्षाचे हिशेब पूर्ण झाले की मालक सगळ्यांना माझ्यासमोर बोलवत. चहा येई. मालकांची थोरली मुलगी हिशेब बघायची, तिला सगळे ताई म्हणत. ती पुढे येऊन माझ्यावर एकच आकडा लिहायची.

"वर्षभरात धंद्यातून जो रोख पैसा खरोखर हातात आला," मालक दरवर्षी त्याच शब्दांत सांगत, "त्यातल्या दर शंभरातले किती आपण नव्या यंत्रांवर घातले, तो हा आकडा. नफ्याचं बोलत नाहीये मी. नफा कागदावर पण दिसतो."

चांगल्या वर्षांत तो आकडा पस्तीस-चाळीसच्या आसपास असे. एका वर्षी तो दहावर आला. त्या वर्षी डब्याची कड दाबणारं यंत्र म्हातारं झालं होतं आणि रंगाचे डबे गळून परत आले होते. मालकांनी सगळ्यांदेखत डोक्याला हात लावला. "दहा? कमावलं ते सगळं आपणच खाल्लं की," ते म्हणाले. कोणी चहा संपवला नाही. पुढच्या वर्षी नवीन यंत्र आलं, आकडा चाळीस झाला आणि मालकांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी वाजवल्या. तेव्हापासून कारखान्यात एक गोष्ट पक्की झाली, की आकडा मोठा तर वर्ष चांगलं. मला तेव्हा कौतुक आवडायचं, हे मी सांगून टाकतो. टाळ्या माझ्यासाठी आहेत असं वाटायचं.

मग प्लॅस्टिकचे डबे आले. पत्र्याच्या डब्यांची मागणी हळूहळू आटली. त्याच सुमारास मालकांना पक्षाघाताचा झटका आला आणि त्यांची डावी बाजू लुळी पडली. विक्री त्यांचा धाकटा मुलगा बघू लागला. ताई हिशेबातच राहिली.

त्या वर्षी ताईने माझ्यावर ऐंशी लिहिला. मालक चाकाच्या खुर्चीत बसले होते. त्यांनी उजवा हात खुर्चीच्या दांड्यावर आपटला, तीच त्यांची टाळी. खोली दणाणली. सर्वांत जोरात टाळ्या वाजवल्या ऑइलकाकांनी. ते यंत्रांना वंगण घालत, त्यांचं खरं नाव कधीच मागे पडलं होतं.

"ताई, चाळिसाचे थेट ऐंशी," काका म्हणाले. "आता जावयाला इकडेच बोलावून घेतो. तिकडे कशाला लोकांची चाकरी करतोय?"

ताई खडू हातात घेऊन माझ्याजवळच थांबली. सगळे बाहेर पडू लागल्यावर ती भावाजवळ आली. मी तिथेच होतो, म्हणून ऐकलं.

"अरे, यंत्रांवर आपण गेल्या वर्षीएवढेच घातलेत. एक पैसाही जास्त नाही."

"मग दुप्पट कसा झाला?"

"हातात आलेली रोख निम्मी झाली म्हणून. वरचं वाढलं नाही, खालचं आटलं. हे त्यांना सांगायला हवं. काका जावयाला नोकरी सोडायला लावतायत."

भाऊ खुर्चीतल्या बाबांकडे बघत होता. ते दारात थांबून कुणाला तरी अजून ऐंशी, ऐंशी म्हणून सांगत होते. "आज नको," तो म्हणाला. "किती महिन्यांनी हसलेत. पुढच्या वर्षी धंदा सावरेल, मग सांगायची वेळच येणार नाही."

ताईने हातातला खडू खिडकीत ठेवला आणि ती आत गेली. जावई पुढच्याच महिन्यात आला. उंच, अबोल माणूस होता, बायको-मुलांना घेऊन आला होता.

ऐंशीच्या जोरावर मालकांनी कर्ज काढून भलंमोठं यंत्र मागवायला सांगितलं. पुढच्या वर्षी ताईने एकशे तीस लिहिले. लिहिताना खडू दोनदा तुटला.

"शंभरातले एकशे तीस कसे ओ?" जावयाने हळूच विचारलं.

"म्हणजे कमावतो त्यापेक्षा जास्त गुंतवतोय आपण," मालकांचा धाकटा मुलगा म्हणाला. "छाती लागते त्याला."

लोक हसले आणि पुन्हा टाळ्या झाल्या. ताईचं बोलणं ऐकल्यापासून त्या टाळ्या मला माझ्या वाटेनात.

नव्या यंत्राला पुरेल इतकं काम कधी आलंच नाही. आधी जादा पाळी बंद झाली, मग पगार उशिरा होऊ लागले, मग कारखाना बंद झाला. यंत्र अर्ध्याहून कमी किमतीत गेलं. काकांचा जावई शेवटच्या दिवशी माझ्यासमोर थोडा वेळ उभा राहिला. त्याची जुनी जागा कधीच भरली गेली होती.

मला कोणी पुसलं नाही. काही दिवसांनी ताई बाबांना घेऊन रिकाम्या खोलीत आली. त्यांना एकदा बघायचं होतं. त्यांनी खुर्ची माझ्यासमोर थांबवायला लावली.

"एकशे तीस," ते म्हणाले. "एवढं छान चाललं होतं. मग बंद का केलंत तुम्ही?"

ताई त्यांच्या मागे उभी होती. "बाबा, आकडा वाढत होता, कारण रोख आटत होती. आणि शेवटच्या वर्षी तर यंत्रही कर्जाच्या पैशांचं होतं."

"मग टाळ्या का वाजवल्यात?"

"तुम्ही आधी वाजवल्या होत्या."

त्यांनी खडू मागितला आणि तिच्याच हातात दिला. "लिही. दर वर्षी किती रोख आली ते."

तिने एकाखाली एक तीन वर्षांची रक्कम लिहिली. प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा लहान होती. मालकांनी ती वाचली, पुन्हा वाचली. "एवढंच होतं होय," ते म्हणाले. "आधी कळलं असतं, तर काकांचा जावई तरी वाचला असता." मग ताईने खुर्ची वळवली आणि ती दोघं निघून गेली.

मित्रांनो, माझ्यासारख्या फळ्यावर मोठा आकडा दिसला, तर टाळ्या वाजवण्याआधी एवढंच विचारा, की तो कशातला आहे आणि ते वाढलं की आटलं. आणि आकडा लिहिणाऱ्याच्या तोंडाकडेही बघा. आमच्याकडे उत्तर येणारं माणूस माझ्याशेजारीच उभं होतं. तिला कुणी विचारलं नाही, आणि कुणी विचारल्याशिवाय सांगण्याचा धीर तिला झाला नाही.