चरबी माखलेली दुर्बीण

मी एक जुनी दुर्बीण आहे आणि मला माणसं आवडत नाहीत. मित्रांनो, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. मित्रांनो म्हणायची रीत आहे म्हणून म्हणते. डोळा लावायच्या आधी काचेवर बोट ठेवणारे तुमच्यातही असतीलच.

माझा जन्म उत्तरेकडच्या एका थंड शहरातल्या कारखान्यात झाला. माझी भिंगं घासणाऱ्या बाईने त्यांच्यावर स्वतःचा श्वाससुद्धा पडू दिला नव्हता. तिथून मी डोंगरातल्या कोचकोर गावी शाळेच्या कपाटात आले आणि विज्ञान शिकवणाऱ्या बुरुलचा नावाच्या एजेच्या हाती लागले. एजे म्हणजे थोरली बहीण. बाईंना सगळा गाव तसंच म्हणतो. बाईंना एक खोड होती. आपल्याला जे दिसलं ते दुसऱ्याला दाखवल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे. उन्हाळ्यात माणसं मेंढ्याघोडी घेऊन वरच्या कुरणावर राहायला गेली की बाई मला गाढवावर लादून त्यांच्या मागे निघत. एकवीस उन्हाळे मी त्या गाढवाच्या पाठीवर हाडं खिळखिळी करून घेतली.

आणि कशासाठी? चंद्रावरचे खड्डे दाखवले तर म्हणत, "एवढंच?" शनीची कडी दाखवली तर एकाने विचारलं, "यातून माझी हरवलेली घोडी दिसेल का?" बाई हसत. मला मात्र त्या गाढवाची लाथ उसनी घ्यावीशी वाटे.

सगळ्यांत कडू तो तेंतीमिश, कुरणावरचा अक्सकाल, म्हणजे पांढऱ्या दाढीचा मानकरी. त्याच्या शब्दावर तंबू उठत आणि बसत. एका वर्षी बाईंनी शेपटीचा तारा दाखवायचं कबूल केलं आणि नेमके ढग आले. म्हाताऱ्याने ते मनात धरलं होतं. पुढच्या वर्षी बाईंनी सांगितलं, "शुक्रवारी दुपारी चंद्र सूर्याला खाणार," तेव्हा तो सगळ्यांदेखत म्हणाला,

"पोरी, आधी पोटभर जेव. उपाशी माणसाला जिथे तिथे खाणंच दिसतं."

"अक्सकाल, वेळेसकट सांगते. चारनंतर कड कुरतडली जाईल. पाचला नुसती कोर उरेल."

"आणि नाही उरली तर?"

"तर ही नळी घेऊन पुन्हा तुमच्या कुरणावर पाय ठेवणार नाही."

"ऐकलंत रे सगळ्यांनी? ही विसरली तर आठवण द्यायला मी आहे."

झालं. बाईंचे एकवीस उन्हाळे एका दुपारवर टांगले गेले.

सूर्याकडे माझ्यातून थेट बघायचं नसतं, डोळे जातात. मला सूर्यावर रोखून मागे पांढरा कागद धरायचा, की त्यावर सूर्याचं चित्र पडतं. शुक्रवारी बाईंनी मला मोकळ्यावर उभं केलं आणि त्या तंबूतंबूंतून लोकांना बोलवायला गेल्या. तेवढ्यात तेंतीमिशची बायको कुलिपा आपा हळूच माझ्याजवळ आली. इथे पाळणा असो की खोगीर, मोठ्या कामाआधी त्याला मेंढीच्या शेपटाची चरबी लावतात. काम बिनघोर पार पडतं म्हणे.

"आमच्या म्हाताऱ्याच्या जिभेला हाड नाही," ती मला म्हणाली. "तू मनावर घेऊ नकोस. आज माझ्या एजेची लाज राख, बाई."

आणि तिने माझ्या पुढच्या भिंगावर अंगठ्याने चरबी चोपडली. प्रेमाने, काठोकाठ. मित्रांनो, एखाद्या वैऱ्याने दगड घातला असता तर ते मी समजू शकले असते.

चार वाजून गेले. चाळीस माणसं जमली. बाईंनी कागद धरला आणि त्यावर एक पिवळा, फिसकटलेला डाग पडला. बाईंनी रुमालाने भिंग पुसलं, तशी चरबी आणखीच पसरली. पुसता पुसता पाच वाजत आले. उन्हाने ती वितळून माझ्या पोटात उतरू लागली.

"सूर्य कसला, अंडं फुटलंय!" कुणीतरी ओरडलं.

"गाढव आणा रे," तेंतीमिश म्हणाला. "बाई निघाल्या."

"कुणी केलं हे?" बाईंचा आवाज चिरकला. "मला न विचारता हिला कुणी हात लावला?"

कुलिपा आपाचं तोंड पांढरं पडलं. पदराआड तोंड लपवावं तशी ती तंबूत पळाली. आणि आतून तिची किंकाळी आली.

"एजे! धावा! माझा डाग कुणीतरी खाल्ला!"

बाई मला काखोटीला मारून धावल्या, मागून सगळं कुरण. तंबूच्या जाड बुरणुसाला शेगडीची ठिणगी उडून भोक पडलं होतं. त्यातून दुपारी गालिच्यावर उन्हाचा एक गोल डाग पडायचा. आज तिथे कोर पडली होती. अगदी रेखीव, टोकदार.

बाईंचा राग कुठल्या कुठे गेला. "आपा, वरचं भोक कसं आहे?"

"तिकोनी."

"आणि डाग रोज कसा पडतो?"

"गोल."

"तो का गोल?"

कुलिपा आपा वर बघत राहिली, मग खाली. मग हळूच गालिच्यावर बसली.

"म्हणजे रोज... तो सूर्यच होता?" ती म्हणाली. "सात उन्हाळे मी सूर्यावर किटली ठेवत होते?"

तिने हात पुढे केला आणि कोर तिच्या तळव्यावर आली. तेंतीमिशने वाकून तो तळवा बघितला. याच भोकाला टाका घाल म्हणून त्याने सात वर्षं बायकोचं डोकं खाल्लं होतं.

"भोक माझ्या तंबूचं आहे," तो म्हणाला.

"हो, अक्सकाल."

"मग येत जा. आणि ते कुणी शिवायचं नाही."

एकवीस वर्षं गाढवाच्या पाठीवर मी, आणि जिंकलं कोण? जळकं भोक! पुढच्या उन्हाळ्यात बाई नुसता भोकं पाडलेला पुठ्ठा घेऊन आल्या. गाढवही लागलं नाही. मला त्यांनी कुलिपा आपाला देऊन टाकलं होतं.

आता मी तिच्या तंबूत मानाच्या जागी टांगलेली आहे. दर उन्हाळ्यात ती मला ताजी चरबी लावते आणि पाहुण्यांना सांगते, "हिच्या पायगुणाने सूर्य घरात आला." साफ खोटं. मी त्या दिवशी काहीएक दाखवलं नाही. पाहुण्याने डाग बघून "एवढंच?" म्हटलं, तर ती त्याचा हात ओढून उन्हात धरते आणि तो गप्प होईपर्यंत सोडत नाही. तेवढं मात्र मला आवडतं.

एकदा बाई म्हणाल्या, "आपा, शहरात नेऊन हिची भिंगं साफ करून आणू का?"

"नको गं बाई," कुलिपा घाबरून म्हणाली. "नीट चाललेलं काम बंद पडायचं."

म्हणून सांगते, मित्रांनो. ज्याच्यावर माया करता त्याला काय लागतं, ते आधी विचारा. आणि तुमच्यापैकी कुणी या कुरणावर आलंच, तर येताना एक स्वच्छ सुती कापड आणा. बोटं खिशात ठेवा.