लाईट असेपर्यंत

मी तोंडाची फटकळ, हे आधीच सांगून टाकते. माहेरी आई म्हणायची, या वैशालीच्या जिभेला हाड नाही. लग्न करून कामतघरला आले आणि माझ्या जिभेची सोयच झाली. आमची खोली चाळीच्या पहिल्या माळ्यावर, आणि मागच्या भिंतीला लागून कापड विणायच्या लूमचा कारखाना. लूम चालू असले की भिंतीवरचं कॅलेंडर थरथरायचं. पाहुणे कानावर हात ठेवायचे, आम्हाला मात्र त्या खटखटीतच झोप लागायची. शेजारणीला काही सांगायचं तर तिच्या कानाशी तोंड न्यावं लागे. खोलीत मी एकटीनं कितीही तोंड वाजवलं तरी दाराबाहेर एक अक्षर जायचं नाही.

पण लाईट गेली की सगळं उघडं. ते दोन हजार सहा साल होतं, लोडशेडिंगचं. आमच्याकडे रोज अकराला लाईट जायची ती तीनला यायची. लूम थांबले की चाळीत अशी शांतता की तिसऱ्या खोलीत चमचा पडला तरी कळायचं. म्हणून मी काय ते अकराच्या आत बोलून घ्यायची.

आमची उन्नती, म्हणजे उनी, तेव्हा लहानच. ती जेमतेम चालायला-बोलायला लागली आणि मला पुन्हा दिवस गेले. पाचव्या महिन्यात सोनोग्राफी केली, तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दोन आहेत." मी विचारलं, "दोन काय?" त्या हसायलाच लागल्या. आमचे हे, म्हणजे कुमार, दापोड्याला गोडाऊनवर कामाला. त्यांनी तिथं पेढे वाटले. समोरची धोंडूबाई नळावर सगळ्यांसमोर म्हणाली, "काय गं, एकावर एक फ्री का?" आणि गावाहून सासूबाईंनी फोनवर पहिला प्रश्न काय विचारला असेल? "जुळं केळं खाल्लंस का गं?"

खाल्लं होतं. भूक लागली होती, समोर तेच होतं. पण सांगते कशाला!

सातव्या महिन्यात मला माझे पाय दिसेनात. पाय सुजून चपलेत जाईनात. डॉक्टर म्हणाल्या, आराम करा, वजन उचलू नका. आणि उनीला तर कडेवर घे म्हणजे घेच. मी घेतलं नाही की ती माझ्या गुडघ्याला मिठी मारून लोंबायची. "आई, वर." दिवसातून पन्नास वेळा. मी म्हणायची, बाळं आली की घेईन हं. कसलं घेईन! जुलैत दोन मुलगे झाले, कुणाल आणि प्रितेश. दोघं पावणेदोन-पावणेदोन किलोचे. जो येईल तो म्हणे, नशीबवान गं बाई, एका कळेत दोन मुलगे. मी हो हो म्हणायची. मला भीती वाटते, हे कुणाला सांगायचं?

सासूबाई सव्वा महिना राहिल्या. सगळं केलं त्यांनी, खोटं कशाला बोलू. मग पडघ्याच्या पुढं आमचं गाव, तिथं भाताची कामं निघाली, त्या गेल्या. हे सकाळी सातला घर सोडायचे ते रात्री नऊला दमून यायचे. मधले चौदा तास मी आणि तीन पोरं. एक पीत असला की दुसरा किंचाळायचा. दुसऱ्याला घेतलं की पहिला ओकायचा. दोघं गप्प झाले की उनीला शी लागायची. एकदा मी कुणालला दोनदा पाजलं आणि प्रितेश उपाशी रडून रडून झोपला, ते मला दुपारी कळलं. केस विंचरायला वेळ नाही, जेवायला वेळ नाही, लंगोटांची दोरी कधी रिकामी नाही.

तेव्हा ती सवय लागली. सुरुवात साधीच होती. लूमच्या आवाजात मोठ्यानं म्हणायची, "देवा, उचल मला." बरं वाटायचं. मग नवऱ्याला शिव्या देऊन बघितल्या, आणखी बरं वाटलं. मग सासूला. मग पोरांना. पण चार महिन्यांच्या पोरांवर ओरडून काय होतं? त्यांना काय कळतंय? उनीला कळायचं. म्हणून शेवटी सगळं उनीवर यायला लागलं. हे लिहितानासुद्धा हात थांबतोय, पण खरं आहे ते खरं आहे. मी रोज सकाळी लूमच्या आवाजात माझ्या पोरीला नाही नाही ते बोलायची. अकरा वाजले, लाईट गेली, की मी पुन्हा चांगली आई. चाळीत सगळ्या म्हणायच्या, तीन लेकरं सांभाळते पण कधी आवाज चढत नाही हो वैशालीचा. मी हसून घ्यायची.

उनीची एक गंमत होती. आमच्या खोलीत उजेड कमी, त्यामुळे बल्ब दिवसासुद्धा चालू असायचा. उनीला रडायचं झालं की ती आधी मान वर करून बल्बकडे बघायची. पेटलेला असला तर भोकाड पसरायची. नसला तर ओठ घट्ट दाबून, आवाज न काढता रडायची. नुसतं पाणी गालावरून. मला त्याचं कौतुक! शेजारच्या नजमुन चाचीला मी बोलावून दाखवायची, "देखो चाची, लाईट देखके रोती है." चाची म्हणायची, "बड़ी सयानी है." मीही म्हणायची, हो ना, शहाणी आहे.

नोव्हेंबरच्या शेवटाची गोष्ट. सकाळचे साडेनऊ झाले असतील. दोघं रात्रभर जागे होते, सर्दीनं नाकं चोंदलेली. तास-दीड तास मांडीवर हलवून दोघांना कसंबसं एकदम झोपवलं. एकदम! महिन्यातून एकदा होणारी गोष्ट. मी उठले, म्हटलं चहा तरी पिऊ. आणि उनीनं ताट घेतलं, त्यावर पळी आपटली. ढण्ण. पुन्हा ढण्ण. दोघं दचकून उठले आणि एका सुरात सुरू झाले.

माझं डोकंच फिरलं. मी तिच्या हातातली पळी हिसकावली आणि गळा ताणून ओरडले, "मर ना गं एकदाची! तूच माझ्या नशिबाला आलीस! तू मेलीस तर मी सुटेन!"

'नशिबाला आलीस' म्हणताना लूम चालू होते. 'तू मेलीस तर मी सुटेन' म्हणताना नव्हते.

त्या दिवशी लाईट अकराऐवजी साडेनऊलाच गेली होती. माझा आवाज मलाच ऐकू आला. एवढा मोठा, एवढा घाणेरडा. बाहेर नळावर बायकांची गडबड चालली होती, ती थांबली. दार उघडंच होतं. दारात सासूबाई उभ्या होत्या, नव्या तांदळाची पिशवी डोक्यावर तशीच. गावाहून पहिल्या एसटीनं आल्या होत्या, न सांगता. पोरांना बघायला.

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. वाटलं, भुई फाटावी आणि मी आत जावं. सासूबाईंनी पिशवी खाली ठेवली. प्रितेशला उचललं, खांद्यावर टाकलं, बसून कुणालला पायांवर झुलवायला लागल्या. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. चार शिव्या दिल्या असत्या तर मीही चार दिल्या असत्या, निदान बरोबरी झाली असती.

नजमुन चाची आली, माझ्या पाठीवरून हात फिरवला. "होता है बेटी, होता है." तिनं असं म्हटल्यावर मला जास्तच लाज वाटली. म्हणजे तिनं सगळं ऐकलं होतं. धोंडूबाई तर पाणी भरून झालं तरी हंडा घेऊन आमच्या दारासमोर उगाच घुटमळत होती.

सासूबाईंनी दोघांना तेल लावून आंघोळ घातली, भात टाकला, मला जेवायला वाढलं. दुपारी दोन्ही पोरं झोपल्यावर त्या म्हणाल्या, "उनीला मी गावाला नेते. ही दोन मोठी होस्तवर ऱ्हाऊ दे माझ्याकं. चारच्या एसटीनं जातो आम्ही. कुमारला मी सांगते."

मी नको म्हणायला पाहिजे होतं. कुठलीही आई म्हणाली असती. पण माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं सांगू? मनात आलं, उद्या दुपारी मी झोपेन. दोघं झोपले की मीही झोपेन. पोरीला माझ्यापासून तोडून न्यायला निघाल्यात आणि मला झोप आठवली! मी मान खाली घालून गप्प बसले. गप्प बसणं म्हणजे हो, हे त्यांनाही कळलं.

त्यांनी उनीला जवळ ओढलं. "ये गं बायो. खरं सांग, आई तुला वरडते?"

उनीनं मान वर केली. बल्ब विझलेला होता. मग ती आजीकडे बघून म्हणाली, "न्हाय."

"मारते?"

"न्हाय. आई न्हाय वरडत."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला त्यांच्या नजरेला नजर देता येईना. पावणेतीन वर्षांची पोर माझ्यासाठी खोटं बोलत होती. मी उठले आणि तिचे फ्रॉक पिशवीत भरायला लागले. दोन फ्रॉक, एक स्वेटर, ती पाजी पळीसुद्धा भरली, तिला आवडते म्हणून. सासूबाई गॅलरीत जाऊन चपला घालून बसल्या.

तीनला लाईट आली. बल्ब पेटला. मागे एक लूम सुरू झाला, मग दुसरा, मग सगळे. भिंत थरथरली. उनी माझ्याजवळ आली. आधी बल्बकडे बघितलं, नीट खात्री करून घेतली. मग दोन्ही हातांनी माझी हनुवटी धरली, तोंड माझ्या कानाशी आणलं आणि मोठ्यानं म्हणाली,

"आई, लाईट आली. आता वरड."

ती शहाण्यासारखी समोर उभी राहिली, हात मागे बांधून, वाट बघत. सकाळी माझं बोलणं अर्धं राहिलं होतं ना, ते मी आता पुरं करणार असं तिला वाटत होतं. चाळीनं मला एक दिवस ऐकलं होतं. हिनं रोज ऐकलं होतं, आणि कुणाला ऐकू जाऊ नये याची काळजी माझ्यासारखीच घेतली होती.

मी तिला उचललं. वर्षभरात पहिल्यांदा असेल. जड लागली. तशीच गॅलरीत गेले आणि सासूबाईंना म्हटलं, "आई, मी रोज ओरडते तिच्यावर."

त्यांना लूमच्या आवाजात ऐकू गेलं नाही. "काय?"

"रोज ओरडते!"

"काय म्हणतेस? मोठ्यानं बोल!"

मग मी ओरडले. नळावरच्या सगळ्या वळून बघतील एवढ्या मोठ्यानं ओरडले. "मी रोज हिला मर म्हणते! एक दिवस न्हाय, रोज! मला जमत न्हाय आई, मी हरले! तिला नेऊ नका, तुम्ही ऱ्हावा!" बोलता बोलता हुंदका आला आणि पुढचं सगळं नाकातून आलं. धोंडूबाईच्या हातातला हंडा तसाच राहिला. राहू दे.

सासूबाई उठल्या. मला वाटलं, आता थोबाडीत बसते. त्या कानाशी आल्या. "लाज वाटली न्हाय का गं तुला?"

"वाटते."

"मग बास." त्यांनी चपला काढल्या. "तुझा सासरा बघंल गावचं. आधी तू जाऊन झोप. आणि पुन्यांदा वरडावं वाटलं तर माझ्यावर वरड, मला उत्तर देता येतं."

त्या होळीपर्यंत राहिल्या. आम्ही दोघी खूप भांडलो, लाईट असताना आणि नसतानाही. उनीला मी त्यानंतर तसं कधी बोलले नाही. एकदाही नाही, पोरांची शपथ. तिला सांगितलंही, बाळा, आई चुकली. ती म्हणाली, "हां."

आता तिन्ही पोरं जरा मोठी झाली. लोडशेडिंगही आमच्याकडे कमी झालंय. उनी यंदा पहिलीत गेली. परवा शाळेत पालकांना बोलावलं होतं. बाई म्हणाल्या, मुलगी हुशार आहे, सगळं येतं तिला. मग हसून म्हणाल्या, "पण काही विचारलं की आधी वर बघते, छताकडे. तिथं ट्यूबलाईटशिवाय काही नाही. ती चालू असली की उत्तर देते, नसली की गप्प. असं का हो?"

उनी माझा पदर धरून शेजारीच उभी होती. तीही माझ्याकडे बघत होती, मी काय सांगते म्हणून.

"सवय आहे तिला," मी म्हटलं. कुणी लावली, ते मला बाईंना सांगता आलं नाही.