सुकदेवचा न थरथरणारा हात

"यापुढे या गावात एकही मनुष्य शस्त्रक्रियेवाचून मरणार नाही," असं गावचे पाटील झुलाल आबांनी पारावर उभं राहून जाहीर केलं, आणि पार रिकामा झाला.

रिकामा म्हणजे अगदी रिकामा. सुपडू न्हावी छगन नानाची दाढी करत होता. नाना अर्ध्या दाढीनिशी उठला, धोतर सावरलं आणि गुरांना पाणी दाखवायचं राहिलं असं पुटपुटत निघून गेला. त्याच्याकडे गुरं नव्हती. मागं उरले आबा, आबांचा मुलगा सुकदेव आणि सुपडू. सुपडूनंही वस्तरा पाठीमागं लपवला होता, आपण कापणाऱ्यांच्या बाजूचे नाही हे दिसावं म्हणून.

आबा एरवी अहिराणी बोलत. जाहीरनामा काढायचा असला की पुस्तकी मराठीत शिरत. मुलगा मुंबईला डॉक्टरीची शेवटची परीक्षा पास होऊन आला होता आणि तिथल्या मोठ्या इंग्रज सर्जनच्या हाताखाली त्याला जागा मिळायची होती, म्हणून हा जाहीरनामा.

गावाचंही फारसं चुकलं नव्हतं. साक्रीच्या सडकेवरच्या त्या गावानं आजवर कापाकापी पाहिली होती ती एकच. आदल्या साली, म्हणजे तेहतीस साली, विहिरीत एक वाटसरू मेलेला सापडला. पोलिसांनी त्याला बैलगाडीत घालून धुळ्याला नेलं, फाडून पाहिलं, आणि तो परत आला तो हनुवटीपासून बेंबीखालपर्यंत शिवलेला, कापसाच्या पोत्यासारखा. पाटलाचा मुलगा इतकी वर्षं मुंबईला हेच शिकत होता, हे गावाला आत्ता कळलं.

सुकदेवचं स्वतःचं मात्र अजून ठरलं नव्हतं. सर्जनसाहेब दरसाल दोघांना घेत असे, आणि यंदा एकतीस जणांना ती जागा हवी होती. साहेब फार विचारपूस करत नसे. उमेदवाराला हात पुढं करायला लावून तळहाताच्या मागच्या बाजूवर कोरा कागद ठेवी आणि पाच मिनिटं चिरूट ओढत बसे. ज्याचा कागद फडफडला त्यानं ताप-खोकल्याच्या बाजूला जायचं. सुकदेवच्या हातावरचा कागद टेबलावर ठेवल्यासारखा राहिला. साहेबानं चिरूट बाजूला केला आणि लेखी अर्ज वीस तारखेच्या आत टपालात टाक, असं सांगितलं. अर्ज लिहून तयार होता. तो कोटाच्या आतल्या खिशात घेऊन सुकदेव गावी आला होता.

अडचण वेगळीच होती. थंडीत एक गिरणी कामगार शस्त्रक्रियेच्या टेबलावरच दगावला तेव्हा सुकदेव जखमेचा काठ धरून उभा होता. बाकीच्या विद्यार्थ्यांचे चेहरे पांढरे पडले. एकजण नंतर कौतुकानं म्हणाला, की सुकदेव, तुझा हात हललासुद्धा नाही. त्या रात्री सुकदेवला छान झोप लागली. भीती वाटली ती सकाळी, झोप लागली होती म्हणून. धुळ्याचे एक वृद्ध डॉक्टर त्याला आपल्या दवाखान्यात घ्यायला तयार होते. बाटलीला डोसाच्या खुणांची कागदाची पट्टी चिकटवायची, दिवसातून तीनदा एक एक खूण प्या म्हणायचं. तिथं हात हलला काय, न हलला काय, सारखंच.

त्या आठवड्यात गावात कोणी आजारी पडलं नाही. वर्षभर खोकणारा छगन नाना सुकदेव दिसला की श्वास कोंडून उभा राही. चेहरा जांभळा होई, पण खोकला बाहेर येत नसे. लंगडी भिकुबाई पाटलाच्या दारावरून ताठ चालत जाई आणि वळणापलीकडे भिंत धरून बसे. माणसं रामराम करत, पण त्याच्याकडे पाठ करत नसत. तो गल्लीतून निघाला की दोन्ही बाजूंनी लोक भिंतींना टेकून उभे राहत आणि तो पुरता दिसेनासा होईपर्यंत हलत नसत.

सुकदेवला दोन दिवस याची गंमत वाटली. तिसऱ्या दिवशी त्याच्या ध्यानात आलं, की त्याची आईही भिंतीला टेकून उभी राहते.

सुंदरबाई वाढताना वाकत नव्हती. भाकरी वरूनच ताटात टाकत होती, आणि डावा हात जांघेशी धरून होती.

"माले काही व्हयेल नही," ती म्हणाली. त्यानं काही विचारलेलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गोठ्यामागं ओकताना दिसली. ओकारी हिरवी होती. आबांची विधवा बहीण ताईबाई तिची पाठ धरून उभी होती. तिनं खाली मान घालून सांगितलं, की वहिनीच्या जांघेत सात वर्षांपासून गोळा येतो, उताणं पडून दाबला की आत जातो. काल पहाटेपासून जात नाही. मग आधी का सांगितलं नाही, असं सुकदेवनं विचारलं. ताईबाईनं त्याच्या हातांकडे पाहिलं.

"कोनले सांगती? तुले?"

त्यानं आईला खाटेवर निजवून तपासलं. गोळा दगडासारखा घट्ट होता. अंतर्गळ, त्यात आतडं अडकलेलं. आतड्याचा रक्तपुरवठा तुटला की ते आधी मरतं आणि माणूस मागून. पुस्तकातलं ते पान त्याच्या डोळ्यांपुढं आलं, पानाच्या आकड्यासकट. आई त्याच्या तोंडाकडे न बघता हाताकडे बघत होती.

"भाऊ, तू माले कापशी का?"

आपण नाही, धुळ्याच्या सरकारी दवाखान्यातले मोठे डॉक्टर, असं तो म्हणाला. आबांनी साऱ्या गावाला शस्त्रक्रिया देऊ केली होती; आपल्या घरात मात्र एरंडेलावर भागेल असं त्यांना वाटलं. सुकदेवनं खाट उचलायला माणसं बोलावली आणि आईला सडकेवर आणलं.

साक्रीहून धुळ्याला जाणारी सर्व्हिस मोटार खच्चून भरलेली होती. ड्रायव्हर जागा नाही म्हणाला. बाईला कापायला नेताहेत असं खाट उचलायला आलेल्या सुपडूनं सांगितलं, आणि मोटार पारासारखीच रिकामी झाली. एकजण तर मिरच्यांचं पोतं आत टाकून उतरला. धुळ्यापर्यंत आबा त्या पोत्यावर बसून शिंकत होते आणि सुंदरबाई डोळे मिटून पडली होती. कुसुंब्यापाशी तिच्या कळा थांबल्या. आबांना हायसं वाटलं. कळा अशा अचानक थांबणं चांगलं नसतं हे सुकदेवला माहीत होतं, पण त्यानं सांगितलं नाही.

दवाखान्यात मोठ्या डॉक्टरांचा मदतनीस हिवतापानं अंथरुणाला खिळला होता. तुम्ही कोण, असं त्यांनी सुकदेवला विचारलं.

"मुंबईच्या मेडिकल कॉलेजचा, यंदा पास झालेला."

खोटं नव्हतं, अर्धंच होतं; बाईचा मुलगा हे त्यानं गाळलं. डॉक्टर म्हणाले, "हात धुऊन या."

क्लोरोफॉर्मचा गोड वास सुटला. आईच्या चेहऱ्यावर फडकं होतं, त्यामुळं चेहरा नव्हताच. डॉक्टरांनी अडकलेली जागा मोकळी केली आणि आतड्याचा वेढा बाहेर ओढून मिठाच्या कोमट पाण्यात भिजवलेल्या कापडात गुंडाळून सुकदेवच्या हातात दिला. त्याचा रंग पिकल्या जांभळासारखा होता.

"पाच मिनिटं बघू," डॉक्टर म्हणाले. "गुलाबी झालं तर आत घालू. नाही तर कापून जोडावं लागेल, आणि बाईत तेवढी ताकद दिसत नाही."

भिंतीवर घड्याळ होतं. पहिल्या मिनिटाला काही झालं नाही. दुसऱ्यालाही नाही. सुकदेवच्या बोटांवर त्या वेढ्याचं ओझं पडलं होतं, आणि बोटं टेबलावर ठेवल्यासारखी होती. तिसऱ्या मिनिटाला त्याच्या मनात आलं, की गुलाबी झालं नाही तर जोड कशी घालतात ते जवळून पाहायला मिळेल. कॉलेजात ते मागच्या रांगेतून दिसलं होतं. विचार आला तो गेला नाही, बसून राहिला. फडक्याखाली कोण आहे याची त्या वेळी त्याला आठवणही नव्हती.

चौथ्या मिनिटाला काठाशी एक गुलाबी रेघ उमटली आणि हळूहळू पसरत गेली. सुकदेवला किंचित निराश वाटलं. मग चेहऱ्यावरचं फडकं हललं, आतून एक कण्हणं आलं, आणि ते कोणाचं हे त्याला कळलं.

टाके घातल्यावर डॉक्टरांनी हात पुसले. "हात उत्तम आहे तुमचा. घरी आई असेल तर सांगा तिला."

चौथ्या दिवशी, एकोणीस तारखेला, सुंदरबाई नीट बोलू लागली. आबा बाहेर व्हरांड्यात, ही शस्त्रक्रिया कशी झाली, ते अनोळखी माणसांना सांगत होते. शेवटचं टपाल दुपारी चारला निघायचं होतं. सुकदेव खाटेशी बसला. त्यानं कोटाच्या खिशातला अर्ज काढून मांडीवर ठेवला आणि आईला सगळं सांगितलं. डॉक्टरांना आपण तुझे कोण ते सांगितलं नाही हे सांगितलं. तुझं आतडं हातात धरून उभा असताना ते काळंच राहावं असं क्षणभर वाटलं, हेही सांगितलं.

"माय, तेवढा वेळ तू माझी कोणी नव्हतीस. हा धंदा धरला तर मी रोज असा होईन. आणि न धरावा तर हात मला दुसऱ्या कशासाठी दिले आहेत तेही कळत नाही. तू सांग. हा कागद धाडू का फाडू?"

सुंदरबाई आढ्याकडे बघत राहिली. तिला हलायची बंदी होती. चार दिवस ती उताणी होती. पलीकडच्या खाटेवरची म्हातारी कान देऊन होती, तिनंही श्वास धरला. घड्याळात साडेतीन झाले. मग आईनं डोळे वळवले आणि प्रथमच, हाताकडे नाही, त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"तू सांगं ते सारं खरं शे, भाऊ. कागद धाडी दे," ती म्हणाली. "पन पहिले तो हात मना खाले घाल आनि जराशी पाठ खाजवी दे."