घरात कोणी अचानक गेलं का?

"घरात कोणी अचानक गेलं का?" रक्त घ्यायला आलेल्या बाईंनी दुसऱ्यांदा विचारलं.

"नाई," मामाजी म्हणाले. "पोरगा गेला, पन तो गाडीवरून पडून. ॲक्सिडेंट."

मामाजी म्हणजे माझे सासरे खुशालराव, जिनिंगमधले फिटर. कापूस येईनासा झाल्यापासून जिनिंग जेमतेम दिवाळी ते संक्रांत चालायची. बाकी दिवस ते गावभर कुलर दुरुस्त करत. बोटांचे सांधे सुजलेले, छाती मधूनच फडफडायची. डॉक्टरला दाखवा म्हटलं की म्हणायचे, "पट्टा ढिला झाला, दुसरं काय!"

बार्शीटाकळीच्या शाळेत संशोधनासाठी दोन दिवसांचं शिबिर होतं. अंगातली सूज आणि हृदयाचे बिघडलेले ठोके यांचं नातं रक्तातल्या जनुकांत शोधायचं, म्हणून असे त्रास असलेल्या घरांतलं रक्त हवं होतं. तरणंताठं माणूस अचानक गेलेलं असेल, तर त्या घरातल्या लहान मुलांचाही ईसीजी काढणार होते. मी त्यासाठीच आले होते. माझी सावी खेळता खेळता थांबते, छातीवर हात ठेवते. विचारलं तर म्हणते, "उंदीर पळते."

पण मामाजींच्या मागेच उत्तमराव उभे होते. माझ्या नणंदेचे, आकांक्षाचे, होणारे सासरे. गुडघे दाखवायला मामाजींनीच त्यांना हौसेने आणलेलं.

बाई पुढच्या माणसाकडे वळल्या.

"ॲक्सिडेंट नव्हता," मी म्हणाले. "रेल्वे फाटकापाशी गाडी उभी होती. सावीच्या बाबांनी आधी छाती धरली, मग पडले."

मामाजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. "सूनबाई शिकेल हाये," ते उत्तमरावांना म्हणाले. "काही बी बोलते."

"बोलू द्या ना, इवाई. आमाले बी आयकू द्या." उत्तमराव हसले आणि गुडघे न दाखवताच गेले.

सावीचा ईसीजी निघाला. "आज ठीक आहे," बाई म्हणाल्या.

"आणि पुढचं? रक्तात कळेल ना?"

"हजारो लोकांचं एकत्र बघतात, ताई. एकेकाचा रिपोर्ट देत नाहीत."

मी बी.एस्सी. झालेय. एवढं मला आधी कळायला हवं होतं.

संध्याकाळी उत्तमरावांचा फोन आला: आमचा पोरगा अमरावतीत जरा स्थिर होऊ द्या, मग लग्नाचं पाहू. कालपर्यंत तो स्थिरच होता.

आकांक्षा पोळ्या लाटत होती. "सावीचं बरं हाये ना, वैनी?"

"आज तरी बरं आहे."

"लय महाग पडला तुमचा हा 'आज'," ती म्हणाली आणि लाटत राहिली.

दुसऱ्या दिवशी मामाजी न सांगता शाळेत जाऊन आले. उजवा हात कोपरात दुमडलेला, घडीत कापसाचा बोळा.

"रक्त दिलं," ते आकांक्षाला म्हणाले. "आता लपवाले काय रायलं? मायासोबत सावीचं नाव लिवा म्हनलं. नाव लिवतच नाही म्हने, आकडा रायते."

मी ताट वाढलं. त्यांनी ते माझ्याकडे न बघता ओढून घेतलं आणि डाव्या हाताने जेवले. उजव्याची घडी ताट संपेपर्यंत उघडली नाही.