मांजराचा खोकला

पानमळ्यात शिरायचं तर चपला बाहेर काढायच्या आणि आंघोळ केल्याशिवाय वेलीला हात लावायचा नाही, ही मिरजेकडच्या त्या गावाची रीत. उंदरांना रीतभात नसते, म्हणून शालूबाईनं मळ्यात मांजर पाळलं होतं. सेहेचाळीस सालच्या भाद्रपदात ते खोकायला लागलं. मान लांब करायचं आणि तोंड उघडं ठेवून धापा टाकायचं. त्याच पंधरवड्यात शालूबाईची सून अंजनाही खोकायला लागली.

खरं तर ओल्या चिपाडांवर चूल फुंकून फुंकून अंजनाची छाती भरली होती. पण चुलीला दोष कोण देणार? मांजराचं दुखणं सुनेला लागलं, असं शालूबाईनं ठरवून टाकलं. मांजराला पोत्यात घालून नदीपलीकडं सोडायचं ठरलं. सुनेला मात्र तिनं चार दिवस आल्याचा काढा करून दिला. लग्नाला सहा वर्षं झाली, सासूनं आपल्या हातानं काही दिलं ते हेच पहिलं.

सासूच्या या मायेनं अंजनाला बरं वाटलं, पण मांजराकडं बघवेना. नवरा लढाईवर असताना त्या घरात तिच्या पायाशी येऊन बसणारं तेवढंच एक होतं. तिनं नवऱ्याच्या, सयाजीच्या, विनवण्या केल्या. सयाजी नुकताच फौजेतून सुटून आला होता. खेचरांच्या दवाखान्यात त्यानं पाच वर्षं काढली होती. तो तडक आईपुढं जाऊन बसला.

"आये, ह्याच्या फुप्फुसात सुतासारखं किडं झाल्यात. मळ्यातल्या गोगलगाई खाल्लेलं उंदीर-बेडूक ह्यानं खाल्लं, तिथनं ते आलं. असलं किडं म्या खेचरांच्यात डोळ्यानं बघितल्यात. माणसाला ते लागत न्हाई."

बोलताना त्याची छाती फुगली होती. दाराआड उभ्या असलेल्या अंजनाला नवऱ्याचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता.

शालूबाई म्हणाली, "मांजराचं न्हाई लागलं म्हंतोस. मग हिचा खोकला आला कुठनं?"

खेचरांच्या दवाखान्यात सयाजीला हे कुणी विचारलं नव्हतं.

उत्तर शालूबाईनंच शोधलं. अंजनाचा बाप फलटणला दम्यानं गेला होता. सोयरिकीच्या वेळीच तसं सांगितलं होतं, पण आता ते लपवलं होतं असं ठरलं. पान माणसाच्या तोंडात जातं, खोकणाऱ्या बाईनं खुडलेलं पान बाजारात कोण घेईल? अंजनानं सयाजीकडं पाहिलं. मांजरासाठी तो घटकाभर भांडला होता.

"आयेचं बी खरंच हाय," तो म्हणाला. "जा म्हायेरी थोडं दिस. मग बघू."

कवा न्यायला येणार, हे तिनं विचारलं नाही. उत्तर तिला ठाऊक होतं, आणि ते त्याच्या तोंडून ऐकायची तिची तयारी नव्हती.

सकाळी गाडी जुंपली. बोचक्याला फडकं सापडेना, तेव्हा मांजरासाठी काढून ठेवलेलं पोतं शालूबाईनं सुनेपुढं टाकलं. अंजनानं आपली दोन लुगडी त्यात भरली आणि तोंड सुतळीनं बांधलं. मांजर ओसरीवर कोरड्यात बसून बशीतलं दूध पीत होतं.

स्टेशनापर्यंत गाडी सयाजीनंच हाकली. वाटभर तो मांजराबद्दल बोलत होता. मळ्यात सोडलं नाही तर महिन्याभरात खडखडीत बरं होईल म्हणाला.

"त्याला चुलीपाशी बसू दिऊ नगा," अंजना म्हणाली.

घर सोडल्यापासून नदी ओलांडेपर्यंत ती एकदाही खोकली नव्हती. मांजराच्या खोकल्याचं मूळ सांगणाऱ्या तिच्या नवऱ्याच्या हे ध्यानात आलं नाही.