उद्याची जोडी

दादाने कागद धाकट्यापुढे सरकवला आणि पेनाचं टोपण दातांनी उघडलं.

"सही कर. गैरसमजातून तक्रार केली, मागे घेतो. एवढंच लिहिलंय."

धाकट्याने कागदाला हात लावला नाही. आठ दिवसांपूर्वी शीतगृहात, बंद दाराआड, मुकादमाने त्याच्यावर जबरदस्ती केली होती. तक्रारीत त्याने ते तसंच लिहिलं, आडपडदा न ठेवता. तेव्हापासून कपडे बदलायच्या खोलीत बाप्ये त्याला 'नवरीबाई' म्हणत. माल निवडणाऱ्या बाया मात्र हसल्या नव्हत्या. एकीने फक्त विचारलं होतं, "जेवलास का रे?" मुकादमाला कुणी काहीच विचारलं नव्हतं. तो रोज वेळेवर येत होता, चहा पीत होता, हजेरी घेत होता.

"पन्नास किलोचं खोकं एका खांद्यावर नेतोस," दादा म्हणाला. "एक ठोसा नाही मारता आला? का मारायचाच नव्हता?"



"हातपाय गळाले, दादा. माझे मलाच हलवता येईनात."

"बाईमाणसासारखं बोलू नकोस."

"बाईमाणूस इथेच बसलंय," वहिनी म्हणाली. धाकट्याचं जाकीट तिच्या मांडीवर होतं. तुटलेल्या चेनवरून ती बोट फिरवत होती; शिवायला घेत नव्हती. "उद्या कुणी माझ्यावर हात टाकला, तर मलाही हेच विचाराल?"

"तुझी गोष्ट वेगळी."

"का? मी खोकी उचलत नाही म्हणून?"

दादाचा फोन वाजला. तोही तिथेच कामाला, पण बाहेर, गाड्या रिकाम्या करायला. आत शीतगृहात एकट्याने जायचं नाही, दोघांनी जायचं, असा तिथला नियम. धाकटा कामावर जायचा, पण आठ दिवस आत पाऊल टाकत नव्हता; मुकादमाबरोबरची त्याची जागा रिकामी होती.

"मी? आत?" दादा म्हणाला. "कुणाबरोबर?"

पलीकडून नाव आलं असावं. दादाने पाठ वळवली.

"नाही, उद्या नाही जमायचं. ताप आलाय. हो, आत्ताच भरलाय. परवाचंही सांगता येत नाही... दुसरं कुणी बघा ना."

फोन ठेवल्यावरही तो भिंतीकडेच तोंड करून उभा राहिला.

वहिनी उठली. त्याच्या कपाळावर तळहात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

"ताप नाहीये तुम्हाला," ती म्हणाली.