पेटीचे एकाहत्तर मिलिसेकंद

बाबांनी एकतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. त्यांच्या कंपनीत प्रत्येक इमारतीसाठी एक तक्रारवही असायची. बिघाड काय, कधी झाला, कोणी काढला, खाली सही. बाबांच्या सहीखाली तोच बिघाड पुन्हा लिहिला गेला, असं एकदाही झालं नाही. हे ते स्वतःहून सांगत नाहीत. पण कोणी विचारलं तर अर्धा तास थांबतही नाहीत.

निवृत्त झाल्यावर ते हौशी रोबोटवाल्यांच्या क्लबात जायला लागले. क्लब म्हणजे बंद पडलेल्या छापखान्याची लांबट खोली. भिंतींना अजून शाईचा वास येतो. मधोमध जमिनीवर पांढऱ्या कडेचं काळं गोल रिंगण. दोन रोबोट आत सोडायचे, रिमोटने चालवायचे, आणि जो दुसऱ्याला कडेबाहेर ढकलेल तो जिंकला. क्लबात चार रोबोट होते: रणगाडा, खेकडा, गोगलगाय आणि बाबांची पेटी. एका जुन्या लिफ्टमधली बटणांची स्टीलची पेटी त्यांनी आडवी केली होती आणि तिला चार चाकं लावली होती. बुटाच्या खोक्याएवढी, दिसायला ओबडधोबड, पण वजनदार.

पेटी घरी शहाण्यासारखी वागायची. खुर्च्यांच्या पायांतून आठचा आकडा काढून दाखवायची. क्लबात रिंगणात उतरली की मात्र तिच्या अंगात यायचं. बाबा डावीकडचं बटण दाबायचे आणि ती सरळ जाऊन स्वतःच कडेबाहेर पडायची. सलग तीन रविवार हेच झालं.

तिसऱ्या रविवारी क्लबाचे सेक्रेटरी बाबांच्या शेजारी येऊन बसले. तिशीतले गृहस्थ, इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांचं दुकान चालवतात. रणगाडा त्यांचाच.

"काका, राग मानू नका. आत कुठेतरी सोल्डरिंगचा एखादा जोड कच्चा राहिलाय. धक्का बसला की सुटत असणार."

"माझा जोड?"

"नाही म्हणजे, वयाप्रमाणे हात थोडा..."

"हात थोडा काय?"

"काही नाही." सेक्रेटरींनी विषय बदलला, पण फार लांब नेला नाही. "पुढच्या रविवारी लोक बघायला येणार आहेत. तेव्हा अशी अडली तर बरं दिसत नाही हो. आपण पेटी टेबलावर ठेवू या. मस्त दिसते. खाली पाटी लावू."

"पाटीवर काय लिहिणार? 'लिफ्ट बंद आहे'?"

मी बाबांना न्यायला आले होते आणि शेजारीच उभी होते. मी विचारलं, "रिमोट एकमेकांत अडकत असतील का?" सेक्रेटरी हसून म्हणाले, "प्रत्येकाला वेगळा कोड दिलाय ना. रणगाड्याचा कोड पेटी ओळखतच नाही." मला ते पटलं. भौतिकशास्त्रात पदवी घेतलेल्या माणसाला ते इतक्या पटकन पटायला नको होतं, पण पटलं.

शेवटी ठरलं ते असं: शनिवारी सरावात पेटी एकदाही अडली नाही, तर रविवारी रिंगणात. अडली, तर टेबलावर.

घरी आल्यावर मी भिंग घेऊन पेटी उघडली. एकूण शेहेचाळीस जोड. एकेक जोड पिनेने हलवून पाहिला. बाबा वर्तमानपत्रामागे होते आणि बराच वेळ पान उलटत नव्हते.

"सापडला?" त्यांनी शेवटी विचारलं.

"सगळे पक्के आहेत."

"मला विचारलं असतंस तरी कळलं असतं."

एवढंच बोलले. पण मी जे सेक्रेटरींचं ऐकून त्यांचे जोड तपासायला बसले होते, ते त्यांच्या मनाला लागलं होतं. मलाही लागलं.

गुरुवारी संध्याकाळी उलगडा झाला, आणि तो आईमुळे झाला. आई रुग्णवाहिकांच्या कंट्रोल रूममध्ये काम करते. बावीस गाड्या आणि एक वायरलेस. आठ तास कानाला यंत्र लावून आली की तिला पहिल्यांदा चहा लागतो आणि मग टीव्हीवरच्या बातम्या, मोठ्या आवाजात. त्या दिवशी बाबा जमिनीवर पेटी फिरवत होते. आईने टीव्ही लावला आणि आवाजाचं बटण दाबून धरलं. पेटी बाबांना न जुमानता सरळ गेली आणि चपलांच्या स्टँडवर आदळली.

"अहो, माझ्या चपला!"

"मी डावीकडे दाबलं होतं," बाबा म्हणाले.

मी उडी मारूनच उठले. "आई, पुन्हा दाब. सोडू नकोस."

"आता काय बहिरं करतेस का?"

"दाब ना!"

तिने दाबून धरलं तेव्हा पेटीने बाबांच्या पाच आज्ञांपैकी दोनच ऐकल्या. सोडलं की पाचही.

मी मोबाइलचा कॅमेरा आधी एका रिमोटवर धरला, मग दुसऱ्यावर. रिमोटच्या टोकाला बारीक दिवा असतो. त्याचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, कॅमेऱ्यात मात्र जांभळट दिसतो. तो दिवा ज्या क्रमाने लुकलुकतो, तो क्रम म्हणजे निरोप. आईच्या रिमोटचा दिवा थांबायला तयार नव्हता. बटण दाबलेलं असेपर्यंत निरोप, थोडी उसंत, पुन्हा निरोप. बाबांच्या रिमोटचा दिवा एकदाच लुकलुकला आणि गप्प झाला.

कोड वेगळे असून उपयोग नव्हता, कारण कोड निरोपाच्या आतच लिहिलेला असतो. दोघांनी एकाच पाटीवर एकाच वेळी लिहिलं तर कोणाचं अक्षर कोणतं, हेच कळत नाही. मग नाव काय वाचणार? रिंगणात रणगाड्याचा रिमोट असाच सतत बोलत असायचा आणि बाबांचा एकुलता एक निरोप त्या गोंगाटात पुसून जायचा.

"बाबा, तुमचा रिमोट निरोप एकदाच का पाठवतो?"

"मग किती वेळा पाठवायचा?" त्यांना प्रश्नच कळला नाही. "एकदा दाबलं की कळायला पाहिजे. लोक लिफ्टचं बटण दहादा दाबतात, त्याने लिफ्ट लवकर येते का? बटण तेवढं खराब होतं. एकतीस वर्षं हेच सांगत आलोय मी."

म्हणजे रिमोटचा प्रोग्राम त्यांनी मुद्दाम तसा लिहिला होता. एक दाब, एक निरोप. तो त्यांच्या शिस्तीचा भाग होता.

आईने चहाचा कप खाली ठेवला. "तुमची लिफ्ट एकटी असते हो. बटणापासून वायर निघाली ती थेट यंत्रापर्यंत, मध्ये बोलायला कोणी नाही. माझ्याकडे बावीस ड्रायव्हर एकाच हवेत बोलतात. दोघांनी एकदम बटण दाबलं की मला नुसतं 'क्र्र्र' ऐकू येतं."

"मग तुम्ही सगळे काय करता?" मी विचारलं.

"आमच्या कंट्रोल रूमचा तिसरा नियम. थोडक्यात बोल आणि बटण सोड. माझं उत्तर आलं नाही तर पुन्हा बोल, पण लगेच नाही. सात नंबरच्या गाडीने सातपर्यंत आकडे मोजायचे, बाराच्या गाडीने बारापर्यंत. म्हणजे एकदा आदळले तरी दुसऱ्यांदा आदळत नाहीत. हा नियम मीच केलाय. आधी सगळे एकदम ओरडायचे आणि मग एकदमच गप्प बसायचे, पाहुणे जेवायला बसल्यासारखे."

एवढी वर्षं आई रोज हे करत होती आणि मी तिला एकदाही विचारलं नव्हतं की तू नक्की काय करतेस. मी वहीच ओढली.

टीव्हीचा निरोप साधारण सत्तर मिलिसेकंद चालतो, म्हणजे सेकंदाचे हजार तुकडे केले तर त्यातले सत्तर. मग चाळीसेक मिलिसेकंद शांतता. मी पेटीचा निरोप त्या शांततेत मावेल असा आखडून बारावर आणला. आज्ञा बदलेपर्यंत तो पुन्हा पुन्हा जाईल असं केलं. आईने आवाजाचं बटण दाबून धरलं आणि पेटी खुर्च्यांमधून आठचा आकडा काढून बाबांच्या पायाशी येऊन थांबली.

"झालं!" मी म्हणाले.

"झालं काय?" आई टीव्हीकडे रोखून बघत होती. "आवाज वाढतच नाहीये."

आता पेटीचे निरोप टीव्हीच्या निरोपांवर पडत होते. मी म्हणाले की रिंगणात हे आपल्या पथ्यावरच पडेल, रणगाडा अडेल.

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी लहानपणी त्यांचा मल्टिमीटर पाण्यात बुडवला होता तेव्हाही तसं पाहिलं नव्हतं. "दुसऱ्याची बंद पाडून आपली चालवायची? याला दुरुस्ती म्हणतात?"

शुक्रवारी दुपारी आम्ही दोघं सेक्रेटरींच्या दुकानात गेलो. बाबांनी पेटी काखेतून उतरवून फरशीवर ठेवली. "तुमचा रणगाडा काढा. फिरवा."

रणगाडा फिरायला लागला. बाबांनी पेटी सुरू केली. रणगाडा अडखळला, गचके खात दोन पावलं गेला आणि थांबला. सेक्रेटरींनी घाईघाईने तो उचलला, उलटा केला आणि भिंग लावून आतले जोड बघायला लागले.

मला हसू आवरेना. बाबा मात्र हसले नाहीत. "जोड उत्तम आहेत तुमचे," ते म्हणाले. "त्यात काही दोष नाही. बिघाड दोघांच्या मध्ये आहे. माझ्यात नाही आणि तुमच्यातही नाही."

सेक्रेटरींनी भिंग खाली ठेवलं. मग म्हणाले, "काका, खुर्ची घ्या. चहा मागवतो. आणि मला पहिल्यापासून सांगा."

शनिवारी क्लबात सकाळपासून चारही रोबोटांचे आणि रिमोटचे प्रोग्राम बदलत बसलो. सगळ्यांचे निरोप बारा मिलिसेकंदांचे. प्रत्येकाने किती वेळाने पुन्हा बोलायचं ते आईच्या नियमाने, गाडीच्या नंबराऐवजी मी काढलेल्या आकड्यांनी: रणगाडा त्रेपन्न, पेटी एकाहत्तर, गोगलगाय एकोणनव्वद, खेकडा एकशे नऊ मिलिसेकंद. खेकडा आणि रणगाडा एकत्र सोडल्यावर खेकडा मध्येच जवळजवळ सेकंदभर बधिर व्हायचा. मी डोकं धरून बसले. बाबांनी माझ्या खांद्यावरून वहीत पाहिलं.

"त्रेपन्न दुणे?"

"एकशे सहा."

"आणि याचे एकशे नऊ. हा रणगाड्याच्या दर दुसऱ्या फेरीला त्याच्या पायात पाय घालतोय. लांब ने त्याला."

मी खेकड्याला एकशे एकतीसवर नेलं आणि बधिरपणा गेला. ही साधी वजाबाकी मला सुचली नव्हती. लिफ्टच्या माणसाला सुचली, कारण दोन चक्रं किती फेऱ्यांनी पुन्हा एका रेषेत येतात हे त्याने हाताने फिरवून पाहिलेलं असतं. दुपारी चारही रोबोट एकदम जमिनीवर सोडले. वीस मिनिटांत एकही अडला नाही. टेबलाचा विषय पुन्हा कोणी काढला नाही.

रविवारी साठेक माणसं आली. आई ड्यूटी संपवून थेट गणवेशातच आली आणि पुढच्या ओळीत बसली. पेटीची कुस्ती रणगाड्याशी होती.

सेक्रेटरींनी माइक घेतला. "सुरुवात करण्याआधी एक सांगतो. मागच्या आठवड्यात मी काकांच्या कामाला कच्चं म्हणालो होतो. मी शब्द मागे घेतो."

"मागे घेऊ नका," बाबा रिंगणापलीकडून म्हणाले. "उघडून बघा आणि मग सांगा." त्यांनी खिशातून पेचकस काढून पुढे केला.

लोक हसले, पण बाबा गमतीने म्हणत नव्हते. सेक्रेटरींनीही ते ओळखलं. ते गुडघ्यांवर बसले, झाकणाचे चार स्क्रू काढले, आत वाकून पाहिलं. मग त्यांनी माइक पुन्हा तोंडाशी धरला. "असं सोल्डरिंग आमच्या दुकानात कोणाला जमत नाही. मलाही नाही."

आईने डोळे टिपले आणि लगेच मला म्हणाली, "शाईचा वास फार आहे इथे."

कुस्ती चार मिनिटं चालली. पेटी डावीकडे म्हटलं की डावीकडे गेली, मागे म्हटलं की मागे आली. दोनदा तिने रणगाड्याला कडेपर्यंत रेटलं. तिसऱ्यांदा रणगाडा बाजूने आत घुसला, पेटीची दोन चाकं उचलली गेली आणि ती बाहेर गेली. बाबा हरले. टाळ्या मात्र त्यांच्याच नावाने जास्त पडल्या.

सेक्रेटरी हात मिळवायला आले. "काका, वाईट वाटून घेऊ नका. थोडक्यात गेली."

"वाईट कसलं?" बाबांनी पेटी उचलून छातीशी धरली होती. तिची चाकं अजून गरम असावीत. "सत्तावन्न वेळा बटण दाबलं. सत्तावन्न वेळा ऐकलं तिने. मी मोजत होतो."

मी अठ्ठावन्न मोजले होते. पण त्या दिवशी त्यांची चूक काढायची माझी अजिबात इच्छा नव्हती.